टाकी न लागलेला दगड: प्राचीन इस्राएलाची वेदी आणि उपासनेची शुद्धता

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात देव मातीची किंवा न घडवलेल्या दगडांची वेदी मागतो आणि जिथे जिथे आपल्या नावाचे स्मरण होईल तिथे येऊन आशीर्वाद देण्याचे वचन देतो. अनुवाद या बायबलातल्याच दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात मात्र एकच स्थान सोडून बाकी सर्व वेद्यांना बंदी होते. हा बदल कसा समजावा? आणि इस्राएलाची उपासना आरंभी शुद्ध होती, कनानी लोकांच्या संसर्गाने ती बिघडली व हिज्कीया आणि योशीया या जेरुसलेमच्या राजांनी ती पुन्हा शुद्ध केली, असे सरळ उत्तर का देऊ नये?

जुना करार शिकवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षे मीही वर्गात हेच सरळ उत्तर देत असे. आता देत नाही, कारण ज्या ग्रंथांच्या आधारे ते दिले जाते त्याच ग्रंथांत त्याला छेद देणारी वचने आहेत आणि जमिनीखालून निघालेले पुरावे त्या वचनांच्या बाजूने बोलतात. माझे मत असे आहे की या राजांनी पाडलेल्या पुष्कळशा वेद्या परक्या देवांच्या नव्हत्या, त्या इस्राएलाच्या स्वतःच्या देवाच्याच होत्या, आणि शुद्ध उपासना कशाला म्हणायचे हे या वेद्यांवरून शतकानुशतके चाललेल्या वादातच ठरत गेले.

आधी शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण निम्मा गोंधळ शब्दांमुळे होतो. मराठी बायबलात जिथे 'परमेश्वर' असे छापलेले असते तिथे मूळ हिब्रूत बहुतेक वेळा याहवे हे विशेषनाम असते, आणि कोणत्या वेदीवर कोणाची उपासना चालली होती हे ठरवताना या नावाला फार महत्त्व येते. 'वेदी' हा शब्द आपल्याला यज्ञकुंडाकडे नेतो. हिब्रू 'मिझ्बेआह' हा शब्द मात्र पशू कापणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, जरी प्रत्यक्षात पशू वेदीवर न कापता तिच्या शेजारी, लेवीय या याजकांच्या नियमांच्या पुस्तकातील १:११ प्रमाणे उत्तर बाजूला, कापला जाई आणि वेदीकडे त्याचे रक्त, चरबी व होमाचे तुकडे जात. 'विटाळ' हा शब्द सर्वांत उपयोगी आणि सर्वांत धोक्याचा आहे. मृत्यू, बाळंतपण आणि पाळी यांच्याशी अशुद्धतेचा संबंध मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही, हा त्याचा उपयोग. पण आपल्याकडे विटाळाला जातीचा जो अर्थ चिकटला तो लेवीयात नाही. तिथे कोणी जन्मतः अशुद्ध नसतो, महायाजकही अशुद्ध होऊ शकतो, आणि बहुतेक प्रकारांत स्नान केले व सूर्य मावळला की माणूस पुन्हा शुद्ध होतो. शिवाय अशुद्ध होणे हे पाप नाही. वडिलांच्या प्रेताला हात लावल्याशिवाय त्यांना मूठमाती देता येत नाही, आणि ती न देणे हाच खरा दोष होईल.

आता दगडाकडे येऊ. निर्गम २०:२४-२६ हा वेदीविषयीचा सर्वांत जुना नियम असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. वेदी मातीची असावी. दगडांची केलीच तर दगड घडीव नसावेत, कारण त्यांवर हत्यार चालवले की ती भ्रष्ट होते. आणि तिला पायऱ्या नसाव्यात, म्हणजे वर चढताना उपासकाची नग्नता दिसणार नाही. मराठीत आपण म्हणतो की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. इथे नेमके उलटे आहे: टाकीचा पहिला घाव बसला की दगडाचे पावित्र्य जाते. मूळ मजकुरात हत्यारासाठी वापरलेला शब्द 'हेरेव' असा आहे आणि त्याचा नेहमीचा अर्थ तलवार होतो. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात याचे जे कारण दिले आहे ते यावरूनच सुचले असावे: लोखंड माणसाचे आयुष्य तोडण्यासाठी निर्माण झाले आणि वेदी ते वाढवण्यासाठी, तेव्हा तोडणाऱ्या वस्तूने वाढवणाऱ्या वस्तूवर उगारले जाणे योग्य नव्हे. त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिरातल्या (बाबेलच्या बंदिवासानंतर बांधलेल्या) वेदीला सफेदी देतानाही लोखंडी थापी वापरत नसत, न जाणो तिचा स्पर्श व्हायचा.

हे स्पष्टीकरण सुंदर आहे, पण मला ते मूळ कारण वाटत नाही. या नियमाच्या लगेच आधीचे वचन पाहावे: सोन्याचांदीचे देव करू नका, अशी आज्ञा तिथे आहे. ज्या दगडाला माणसाच्या हाताने आकार दिला तो मूर्ती होण्याच्या वाटेवर एक पाऊल गेला, म्हणून वेदी जशी जमिनीतून निघाली तशीच राहू द्यावी, असा या दोन वचनांचा एकत्र अर्थ लागतो. पायऱ्यांच्या नियमाचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. वेद्या उंच झाल्या तेव्हा याजकांना कमरेपासून मांड्यांपर्यंत तागाचे चोळणे घालायला सांगण्यात आले (निर्गम २८:४२). यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टान्तातल्या वेदीला तर पूर्वेकडे चक्क पायऱ्या आहेत (४३:१७). आणि दुसऱ्या मंदिरात मिश्नाच्या मापांप्रमाणे ३२ हात लांबीचा उतार बांधून जुना नियम पाळला गेला. एकाच आज्ञेला तीन उत्तरे, आणि तिन्ही याजक परंपरेतलीच.

निर्गमाच्या २७व्या अध्यायातली वेदी, म्हणजे पाच हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच, बाभळीच्या फळ्यांची, पितळेने मढवलेली आणि आतून पोकळ, ही मातीच्या वेदीशी जुळत नाही असा आक्षेप नेहमी येतो. ती पोकळी प्रत्येक मुक्कामी मातीने भरत असत, असे प्राचीन यहुदी भाष्यकारांनी सांगितले आणि दोन्ही वचने जुळवली. तसे घडले असेलही. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. दोन वेगळ्या परंपरांनी, दोन वेगळ्या काळांत, वेदीचे वेगळे चित्र जपले असे मानले की पुरते.

प्रत्यक्षात वेद्या कशा होत्या हे सांगणारी दोन ठिकाणे यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेम राजधानी असलेल्या राज्याच्या, दक्षिण भागात आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देतात. यहूदाच्या दक्षिण सीमेवर अराद येथे योहानान अहारोनी यांनी १९६२ ते १९६७ या काळात उत्खनन केले तेव्हा किल्ल्याच्या तटबंदीच्या आत एक छोटे मंदिर निघाले. त्याच्या अंगणातली वेदी माती आणि न घडवलेल्या दगडांची होती, बाजू सव्वादोन ते अडीच मीटर, म्हणजे पाच हातांच्या आसपास. निर्गमाचा नियम कोणीतरी अक्षरशः पाळला होता. गाभाऱ्याच्या तोंडाशी अर्ध्या मीटरच्या आसपास उंचीच्या दोन धूपवेद्या आडव्या निजवून ठेवलेल्या सापडल्या आणि आत लाल रंगाचे अंश असलेला एक उभा करण्याचा दगड होता. त्या धूपवेद्यांवर उरलेल्या काळ्या थराचे रासायनिक परीक्षण २०२० साली प्रसिद्ध झाले: एकीवर पशूच्या चरबीत मिसळलेला ऊद निघाला आणि दुसरीवर जनावराच्या शेणासोबत जाळलेली भांग. हा निष्कर्ष वर्गात सांगितला की विद्यार्थी हसतात, पण त्यातला गंभीर भाग असा की निर्गम ३०मध्ये धुपाचे जे चार घटक सांगितले आहेत त्यांत भांग नाही, आणि तरीही हे मंदिर यहूदाच्या राजाच्याच किल्ल्यात होते. त्याच किल्ल्यात सापडलेल्या, मंदिरानंतरच्या काळातील खापरांवरच्या पत्रांत आशीर्वाद दिले आहेत ते याहवेच्या नावाने. हे परक्या देवाचे ठिकाण होते असे म्हणायला जागा नाही.

दुसरे ठिकाण बैर-शेबा. तिथे १९७३ साली एका कोठाराच्या भिंतीत मोठे, नीट घडवलेले वालुकाश्म बसवलेले आढळले. ते बाजूला काढून जुळवले तेव्हा चार कोपऱ्यांना चार शिंगे असलेली, दीड मीटरहून थोडी अधिक उंचीची वेदी तयार झाली. एका दगडावर नागमोडी साप कोरलेला आहे. म्हणजे निर्गमाच्या नियमाप्रमाणे ही वेदी पहिल्या दिवसापासून भ्रष्ट ठरते, आणि तरी ती यहूदाच्या एका महत्त्वाच्या गावात बांधली गेली, वापरली गेली आणि नंतर कोणीतरी ती मोडून तिचे दगड भिंतीत चिणले. हे मोडणे इ.स.पू. ७०१च्या अश्शूरी स्वारीपूर्वी झाले असावे, म्हणून अहारोनींनी त्याचा संबंध हिज्कीयाशी जोडला. अरादचे मंदिरही साधारण त्याच शतकात मातीखाली गेले आणि धूपवेद्या मोडून न टाकता निजवून ठेवल्या, त्या अर्थी झाकणाऱ्याच्या मनात आदर होता असे वाटते. या कालनिर्णयावर अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत आणि सगळे श्रेय हिज्कीयाला देण्याची घाई मी करणार नाही. पण वेद्या होत्या, त्या याहवेच्या होत्या आणि त्या यहुद्यांनीच बंद केल्या, एवढे मला पक्के दिसते. जेरुसलेमपासून सात किलोमीटरच्या आत मोत्सा येथे २०१२ साली अंगणात वेदी असलेले आणखी एक मंदिर उघडकीस आले आणि शलमोनाच्या मंदिराच्या इतक्या जवळ दुसरे मंदिर शतकानुशतके चालू राहिले, हे पाहून अनेकांना आपली टिपणे पुन्हा लिहावी लागली.

ग्रंथातही हेच आहे, फक्त ते वाचताना आपली नजर त्यावरून घसरते. शमुवेल संदेष्टा उच्चस्थानी, म्हणजे उंचावरच्या पूजास्थानी, जाऊन यज्ञानंतरच्या भोजनाला तीसएक माणसांबरोबर बसतो (१ शमुवेल ९). शलमोन गिबोनच्या मोठ्या उच्चस्थानी होम करतो आणि देव त्याला तिथेच दर्शन देतो (१ राजे ३). एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर परमेश्वराची मोडलेली वेदी बारा दगडांनी पुन्हा उभारतो आणि पुढच्याच अध्यायात तक्रार करतो की इस्राएलांनी 'तुझ्या वेद्या' पाडून टाकल्या. इथे अनेक वेद्या असणे हा दोष नाही, त्या पाडणे हा दोष आहे. हिज्कीयाच्या काळचे वचन तर याहून बोलके आहे. जेरुसलेमच्या तटाखाली उभा राहून अश्शूरी सरदार रब्शाके लोकांना म्हणतो की तुम्ही परमेश्वरावर भरवसा ठेवता म्हणता, पण ज्याची उच्चस्थाने आणि वेद्या हिज्कीयाने काढून टाकल्या तो हाच देव ना (२ राजे १८:२२)? शत्रूच्या तोंडी घातलेला हा टोमणा लागू पडतो तो त्या वेद्या याहवेच्या होत्या म्हणूनच.

वेदी अशुद्ध होते म्हणजे काय, हे समजल्याशिवाय योशीयाने केले ते कळत नाही, म्हणून इथे जरा थांबावे लागेल. लेवीय १०:१० मध्ये याजकाचे काम एका ओळीत सांगितले आहे: पवित्र आणि सामान्य, शुद्ध आणि अशुद्ध यांतला भेद करणे. या दोन जोड्या वेगळ्या आहेत. शेतातला शेतकरी, त्याचा बैल, त्याची भाकरी हे सगळे सामान्य आणि शुद्ध असते आणि त्यात काहीही वावगे नाही. धोका निर्माण होतो तो पवित्र आणि अशुद्ध एकत्र आले की. आणि प्राचीन इस्राएलाच्या याजकांची धारणा अशी होती की अशुद्धता माणसापाशीच थांबत नाही, ती पवित्रस्थानाकडे ओढली जाते आणि वेदीवर साचते. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने लेवीयाचा अर्थ लावताना हा मुद्दा इतक्या सविस्तरपणे मांडला की त्यानंतरचे सगळे लेखन त्याच्याशी सहमत होत किंवा भांडत पुढे गेले आहे.

मराठी भाषांतरात 'पापार्पण' किंवा 'पापबली' म्हटलेले 'हत्तात' हे अर्पण घ्या. बाळंतपणानंतर स्त्रीने ते आणायचे असते (लेवीय १२), नवस पूर्ण झाल्यावर नाजीराने, म्हणजे देवाला वाहून घेण्याचा नवस केलेल्या माणसाने, आणायचे असते (गणना ६). या दोघांनी कोणते पाप केले? काहीच नाही. हे अर्पण शुद्धीकरणाचे आहे, आणि त्याचे रक्त कुठे लावले जाते हे पाहिले की शुद्ध कोणाला करायचे आहे हेही उघड होते: रक्त माणसाला लावत नाहीत, वेदीच्या शिंगांना लावतात. सामान्य माणूस किंवा अधिपती चुकला तर अंगणातल्या वेदीच्या शिंगांना. महायाजक किंवा सगळी मंडळी चुकली तर आतल्या धूपवेदीच्या शिंगांना (लेवीय ४). आणि वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, पडद्याच्या आत परमपवित्रस्थानी, मग बाहेर येऊन पुन्हा वेदीच्या शिंगांना, 'इस्राएलाच्या अशुद्धतेपासून' तिला शुद्ध करण्यासाठी (लेवीय १६). दोष जितका मोठा तितकी अशुद्धता आत शिरते आणि तिच्यामागून रक्तही तितके आत न्यावे लागते. रक्तच का, याचे उत्तर लेवीय १७:११ देते: देहाचे जीवन रक्तात असते आणि ते वेदीसाठी राखून ठेवलेले आहे. मोशे वेदीची प्रतिष्ठा करतो तेव्हा (लेवीय ८:१५) 'हत्तात' याच धातूचे क्रियापद वेदीला लावले आहे. वेदीने पाप केले असा त्याचा अर्थ कोणी करणार नाही, तेव्हा त्या शब्दाचे भाषांतर किती जपून करायला हवे हे एवढ्यावरून लक्षात यावे.

पवित्रता आणि अशुद्धता यांची पसरण्याची ताकद सारखी नाही, हेही याजकांना ठाऊक होते. इ.स.पू. ५२०मध्ये हाग्गय संदेष्टा त्यांना दोन प्रश्न विचारतो (हाग्गय २:१२-१३). कोणी पवित्र मांस वस्त्राच्या सोग्यात नेले आणि तो सोगा भाकरीला लागला तर भाकरी पवित्र होते काय? नाही. प्रेतामुळे अशुद्ध झालेला माणूस तिला शिवला तर ती अशुद्ध होते काय? होते. वेदी मात्र या बाबतीत निराळी; तिला जे लागेल ते पवित्र होते, असे निर्गम २९:३७ सांगते. शिंगे धरून आश्रय मागणाऱ्या अदोनीयाला, म्हणजे शलमोनाच्या प्रतिस्पर्धी भावाला, त्या दिवशी जीवदान मिळाले ते याच धारणेमुळे, आणि दाविदाचा सेनापती यवाब याला शिंगांपाशीच मारले गेले हा शलमोनाच्या राज्यारोहणावरचा डाग ग्रंथकाराने झाकला नाही.

आता योशीया. इ.स.पू. ६२२मध्ये मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचे पुस्तक सापडले आणि त्यानंतर राजाने गेबापासून बैर-शेबापर्यंतची उच्चस्थाने भ्रष्ट केली. ते पुस्तक म्हणजे अनुवादाचा गाभा असावा हे अनुमान जर्मन अभ्यासक दे वेट्टे यांनी १८०५ साली बळकटपणे मांडले आणि ते आजही बहुतांशी टिकून आहे. बेथेल येथे योशीयाने केलेले काम पाहण्यासारखे आहे: डोंगरावरच्या कबरी उघडून माणसांची हाडे काढली आणि वेदीवर जाळली (२ राजे २३:१६). वेदी नुसती पाडली तर ती पुन्हा बांधता येते. तिच्यावर प्रेताची हाडे जाळली की याजकांच्या हिशेबात सर्वांत तीव्र असलेली अशुद्धता तिला लागते आणि तिथे पुन्हा होम करण्याचे धैर्य कोणाला होत नाही. शुद्धतेचे नियम ज्याला आतून ठाऊक आहेत तोच असे करू शकतो.

एकाच वेदीचा नियम आल्यावर गावागावांत काय झाले असेल, याचा विचार करताना मला नेहमी मांसाचा प्रश्न आठवतो, कारण तो नियम करणाऱ्यांनाही आठवला होता. तोवर पशू मारणे म्हणजे तो जवळच्या वेदीवर अर्पण करणे. वेदीच गेली तर जेरुसलेमपासून तीन दिवसांच्या वाटेवरच्या शेतकऱ्याने मटण खायचे की नाही? अनुवाद १२ उत्तर देतो की खुशाल आपल्या वेशीत कापून खा, शुद्ध-अशुद्ध दोघांनीही खावे, मात्र रक्त पाण्यासारखे जमिनीवर ओत. इस्राएलाच्या जीवनातला हा मोठा बदल आहे: रोजचे जेवण वेदीपासून सुटले, पण रक्ताची बंदी त्याच्याबरोबर घरात आली. ती पुढे वेदी गेल्यावरही राहिली. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या घरांत मटण मीठ लावून, रक्त काढूनच शिजवतात, त्याचे मूळ या नियमात आहे. गावोगावच्या याजकांचे मात्र हाल झाले. 'तुझ्या वेशींच्या आतला लेवी', म्हणजे याजकांच्या वंशातला माणूस, विसरू नको, असे अनुवाद वारंवार बजावतो. त्याने मध्यवर्ती स्थानी येऊन सेवा करावी अशी सोयही करतो (१८:६-८). आणि २ राजे २३:९ मध्ये कळते की उच्चस्थानांचे याजक जेरुसलेमच्या वेदीवर चढू शकले नाहीत, त्यांना आपल्या भाऊबंदांत बसून बेखमीर भाकरी खाण्यापुरतीच जागा मिळाली.

या सुधारणेमागे राजकारण होते का? होते, आणि ते मान्य केल्याने तिचे धार्मिक मोल कमी होत नाही. उत्तरेचे राज्य इ.स.पू. ७२२च्या सुमारास बुडाले, ७०१मध्ये सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची गावे घेतली आणि जेरुसलेम तेवढे वाचले. यानंतर 'देवाने निवडलेले एकच स्थान' हा विचार लोकांना पटण्याजोगा झाला असेल. दुसऱ्या बाजूने, परक्या दैवतांचा प्रश्न खोटा होता असेही मी म्हणत नाही. सिनाय वाळवंटातल्या कुंतिलेत अज्रूद येथे १९७५-७६मध्ये सापडलेल्या, इ.स.पू. ८००च्या सुमाराच्या रांजणांवर 'शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आहेत. ती अशेरा देवी की लाकडी खांब यावर वाद आहे, पण लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटली नाही हे नक्की. वेदीशेजारी उभे केलेले दगड घ्या: मोशे सिनायच्या पायथ्याशी वेदीबरोबर असे बारा दगड उभे करतो (निर्गम २४:४), आणि अनुवाद १६:२२ म्हणते की परमेश्वराला त्यांचा द्वेष आहे. जी गोष्ट एका पिढीची भक्ती होती ती दुसऱ्या पिढीला विटाळ वाटू लागली.

आणि हे सगळ्यांना पटले नव्हते. यिर्मयाच्या ४४व्या अध्यायात मिसरात पळून गेलेल्या यहुदी स्त्रिया व त्यांचे पती संदेष्ट्याला तोंडावर सांगतात की आम्ही आकाशाच्या राणीला धूप जाळत होतो तोवर पोटभर भाकरी होती, ते सोडले तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ मागे लागला. यिर्मयाने याला दिलेले उत्तर कठोर आहे, पण त्या स्त्रियांचा तर्क ग्रंथात जसाच्या तसा ठेवला गेला याबद्दल मी संपादकांचा ऋणी आहे. सुधारणा ज्यांच्यावर लादली गेली त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच इतका स्पष्ट ऐकू येत नाही.

हाच प्रश्न मिसरातच, नाईलमधल्या एलेफंटाइन बेटावर, पुन्हा उभा राहिला. तिथल्या यहुदी शिपायांच्या वस्तीचे स्वतःचे मंदिर होते, त्यात वेदी होती आणि होम होत असे. इ.स.पू. ४१०मध्ये ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीने ते उद्ध्वस्त झाले. वस्तीने जेरुसलेमच्या महायाजकाला लिहिले, उत्तर आले नाही. ४०७मध्ये यहूदाचा सुभेदार बगोही याला लिहिले. जी परवानगी मिळाली तिच्या टिपणात अन्नार्पण आणि धूप यांचा उल्लेख आहे, पशुहोमाचा नाही. कोणी 'नाही' म्हटले नाही, फक्त एक शब्द गाळला, आणि वेदी राहूनही रक्त जेरुसलेमसाठी राखले गेले. शोमरोनी लोकांनी, म्हणजे उत्तरेकडच्या शोमरोन प्रांतातल्या याहवेच्या उपासकांनी, हा वाद वेगळ्या रीतीने सोडवला: निवडलेले स्थान एकच, हे त्यांनाही मान्य होते, पण ते गरिज्जीम डोंगरावर. त्यांच्या पंचग्रंथात (बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांत) अनुवाद २७:४ मधली न घडवलेल्या दगडांची वेदी एबालऐवजी गरिज्जीमवर बांधायची आहे, आणि त्यांचा वल्हांडणाचा पशुबळी आजही त्याच डोंगरावर होतो.

तुमच्या प्रश्नातल्या 'शुद्ध' या शब्दाला संदेष्ट्यांनी दिलेला अर्थ मी इथे थोडक्यातच सांगतो, कारण तो सर्वांना माहीत असतो. यशया १:१५ मध्ये देव प्रार्थना ऐकायला नकार देतो, कारण पसरलेले हात रक्ताने भरलेले आहेत. यज्ञच नको असा याचा अर्थ काढण्याची प्रथा आहे. मला वाटते यशया याजकांचीच भाषा बोलत होता: वेदीच्या शिंगांना लागलेले रक्त शुद्ध करते, हातांना लागलेले रक्त अशुद्ध करते, आणि दुसऱ्या प्रकारच्या रक्तावर पहिल्याचा इलाज चालत नाही.

शेवटी एक प्रसंग सांगतो, कारण वेदी आणि विटाळ यांचा गुंता याहून नेमका कुठे दिसत नाही. इ.स.पू. १६७मध्ये ग्रीक राजा अंतियोख चौथा याच्या हुकमाने जेरुसलेमच्या वेदीवर परक्या देवाची वेदी चढवून बळी दिले गेले. तीन वर्षांनी, १६४मध्ये, बंडखोर यहुद्यांचा नेता यहूदा मक्काबी आणि त्याच्या माणसांनी मंदिर परत घेतले तेव्हा त्यांच्यापुढे पेच पडला. ती वेदी पवित्र होती, आणि अनुवाद १२ परक्यांच्या वेद्या मोडायला सांगून लगेच बजावतो की आपल्या परमेश्वराच्या बाबतीत तसे करू नका. ती भ्रष्टही झाली होती, आणि भ्रष्ट वेदीवर होम करता येत नव्हता. त्यांनी ती उतरवली, पण दगड फेकले नाहीत. मक्काब्यांच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे ते मंदिराच्या टेकडीवर योग्य जागी ठेवून दिले, कोणी संदेष्टा येऊन त्यांचे काय करायचे ते सांगेपर्यंत. मग नियमशास्त्राप्रमाणे न घडवलेले दगड आणून नवी वेदी बांधली आणि किसलेव महिन्याच्या २५ तारखेला तिच्यावर पहिला होम केला. हनुक्का हा सण त्या दिवसाचा आहे. मिश्नातही मंदिराच्या एका खोलीत हे दगड ठेवल्याची नोंद आहे. त्यांचे काय करायचे ते सांगायला कोणी आल्याची नोंद मात्र नाही.